उभ्याने वाढायची कॉफी

१

गालिब मेला, आणि मेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात तो गुन्हेगार ठरला.

पोलिसांच्या अहवालाची नक्कल माझ्या टेबलावर पडली होती. वाळवंटी महामार्गावर, मआनच्या अलीकडे, दिवस मावळताना गालिबने टोमॅटो भरलेली पिकअप भर रस्त्यात उभी केली, मागचे दिवे लावले नाहीत, म्हणून मागून येणाऱ्या सिमेंटच्या ट्रकला ती दिसली नाही, असं त्यात लिहिलं होतं. साक्षीदार एकच, ट्रकचा ड्रायव्हर शुऐब. म्हणजे ज्याने धडक दिली त्यानेच चूक कुणाची ते सांगायचं आणि पोलिसांनी मान डोलवत लिहून घ्यायचं. विमा कंपनीनेही लगोलग कळवून टाकलं, की दोष मयताचा आहे, सबब भरपाई नाही. इतकी वर्षं वकिली करतेय, पण असा कागद वाचला की अजून माझं डोकं फिरतं.

समोर गालिबची बायको बसली होती. खौला तिचं नाव, पण सगळे तिला उम्म रहाफ, म्हणजे रहाफची आई म्हणतात, कारण रहाफ ही एकच मुलगी. ती मुलगी त्या पिकअपमध्ये बापाशेजारी होती. ती वाचली, पण तिचा डावा पाय गुडघ्यापासून खाली चेचला गेला.

"अम्मानचा डॉक्टर म्हणतो, दोन ऑपरेशनं लवकर झाली तर उभी राहील," उम्म रहाफ म्हणाली. "नाही झाली तर हाडं वाकडी जुळतील. मग कायमची खुर्ची. माझ्याकडे विकायला काय आहे, उस्ताजा? गाडी होती, तिचा पत्रा झाला." वकीलबाईला आमच्याकडे उस्ताजा म्हणतात.

"भरपाईसाठी आपण दावा लावू. अहवालाला आव्हान देऊ."

"शुक्रवारपर्यंत लावशील? शुक्रवारी ते येतायत."

ट्रकमालक हाज अदनान दहाम शुक्रवारच्या नमाजानंतर गावातले मोठे लोक घेऊन गालिबच्या भावाच्या बैठकीत येणार होता. पुढे शेख मुतलक. शेखच्या समोर कडू कॉफीचा कप ठेवला जाईल. तो पिणार नाही. आधी मागणं मागेल, की झालं गेलं अल्लाची मर्जी, तुमचा हक्क सोडा. मग दीर फव्वाझने म्हणायचं, कॉफी प्या. शेखने कप तोंडाला लावला की विषय संपला. तिथेच हक्क सोडल्याच्या कागदावर सही होते, आणि त्यानंतर कोर्टात जाणाऱ्या घराशी आमच्या भागात कोणी सोयरीकही करत नाही.

"आणि फव्वाझ म्हणणार, प्या?"

"शेखला भर बैठकीत नाही कसं म्हणू, म्हणतो. हाज एक ऑपरेशन खैरात म्हणून करून देणार आहे ना, त्यातच हा खूश." तिने डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "दोष आमच्या माणसाचा असेल, तर मग हक्क सोडा म्हणून कशाला येतायत? कर नाही त्याला डर कशाला?"

मी तिला सांगितलं, की चूक नसली तरी रीत म्हणून लोक येतात. तोंडाने सांगितलं खरं, पण तिचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला.

"मयतीला कोण कोण आलं होतं?" मी सहज विचारलं. अशा वेळी माणसांना बोलू द्यावं.

"अख्खं गाव आलं. आमच्या गल्लीतला बेकरीवाला जब्र, शुऐबचा सख्खा भाऊ बरं का, त्यानं तर खांदा दिला. तीन दिवस भाकरी त्याच्याकडून. हाजचा मॅनेजर निझार, तोही कबरीवर माती लोटायला होता. असा माणूस मिळत नाही. आणि एकेक माणसं बघ. दहामांचं औषधाचं दुकान आमच्या समोर, ते त्या दिवसापासून बंद. पोरगी दवाखान्यात विव्हळतेय आणि मला वेदनेच्या गोळीसाठी मआनला जावं लागतं. हाजची बहीण रहाफची शिक्षिका होती, तीही फिरकली नाही. मोठ्यांची मनं अशीच लहान."

दाराशी पोचल्यावर ती वळली.

"रहाफला भेट. ती म्हणते दिवे लागलेले होते. आणि ती म्हणते, ट्रकमध्ये दोघं होते. पण पोलीस म्हणाले, पोरीला इंजेक्शन दिलंय, काहीही बरळते."

२

रहाफ बरळत नव्हती. दवाखान्यातल्या खाटेवर ती उशीला टेकून बसली होती, आणि माझ्यापेक्षा सरळ बोलत होती.

"बाबा दिवे लावल्याशिवाय मावळतीला गाडी चालवत नसत. आधी दिवे, मग प्रवासाची दुआ, मग मला म्हणायचे, आता बोल. त्या दिवशीही तसंच. आणि गाडी उभी नव्हती, मावशी, चालत होती. मी टोमॅटो खात होते."

"मग?"

"मग एकदम आवाज. मी खाली अडकले होते, मला फक्त रस्ता दिसत होता. वर कुणीतरी रडत होतं, यम्मा यम्मा करत. आधी वाटलं मीच रडतेय. नंतर कळलं, नाही. दुसरा एक जण हळू आवाजात त्याला म्हणत होता, गप, गप, पळ इथून."

"आवाज ओळखलेस?"

"नाही. नंतर एक मोटार आली. तिच्यातून निझार उतरले, हाजच्या कंपनीचे मॅनेजर. त्यांनी पत्रा ओढून मला बाहेर काढलं, त्यांचा हात कापला. तेवढं आठवतं."

म्हणजे रडणारा एक आणि त्याला पळवणारा एक. पोलिसांच्या कागदात मात्र एकटा शुऐब. शुऐब पन्नाशीचा आहे. वेदना झाली की पन्नाशीचा माणूसही आईला हाक मारतो, हे मला ठाऊक आहे. पण स्वतःलाच "पळ" म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

निघताना मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती हसली, आणि ते हसू मला नको होतं.

"बाबांचे पाहुणे आले की कॉफी मीच वाढायचे," ती म्हणाली. "आई म्हणते, आताही वाढ, खुर्चीत बसून वाढ, कोण काय म्हणतंय. पण कॉफी बसून वाढतात का कधी, मावशी?"

आमच्याकडे कॉफी वाढणारा उभाच असतो, डाव्या हातात किटली आणि उजव्यात कप. बसून वाढलेली कॉफी घ्यायला पाहुणाही लाजेल. बाहेर येऊन मी गाडीच्या टपावर मूठ आपटली आणि सरळ हाजच्या कंपनीकडे निघाले.

३

हाज अदनानच्या ऑफिसात बुखूरचा सुगंधी धूर आणि भिंतीवर मक्केचं मोठं चित्र होतं. त्याच्या चार मुलांपैकी तिघे तिथेच इकडून तिकडे करत होते.

"ये पोरी, बस. तुझ्या बापाला मी ओळखत होतो," जपमाळ ओढत हाज म्हणाला. "भला माणूस. त्यानं कधी बाईमाणसाला कोर्टात उभं केलं नसतं."

"त्यांनीच मला वकिली शिकायला पाठवलं, हाज. फीसुद्धा त्यांनीच भरली."

निझार हसला आणि हाजकडे बघून हसू गिळलं. त्याच्या तळहाताला पट्टी होती. शुऐब भिंतीला टेकून बसला होता. अपघातात माणूस मेला की ड्रायव्हरला आधी आत घालतात; समेटाची बोलणी सुरू झाली म्हणून त्याला जामीन मिळाला होता. अंगावर मेंढीच्या कातड्याचा जाड फरवा, दाढी वाढलेली.

"गाडी उभी होती," मी विचारण्याआधीच तो म्हणाला. "दिवे नव्हते. मी ब्रेक मारला. सिमेंट भरलेलं. थांबली नाही."

"तुम्हाला लागलं नाही?"

"सीटचा पट्टा लावला होता. पट्टा होता म्हणून वाचलो."

"ट्रकमध्ये आणखी कोण होतं?"

त्याने हाजकडे पाहिलं. हाजने जपमाळेचा एक मणी पुढे सरकवला.

"एकटाच होतो."

निझार कॉफी घेऊन आला. आधी मला, मग हाजला, मग शुऐबला. शुऐबने कप डाव्या हाताने घेतला. माझं टाळकंच सरकलं. आमच्याकडे तीन वर्षांच्या पोरालाही कळतं की कॉफी उजव्या हाताने घेतात. डाव्या हाताने घेणं म्हणजे वाढणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. एका माणसाचा जीव घेतला, एका मुलीचा पाय घेतला, आणि माझ्यासमोर असा माज. मात्र एक गोष्ट तेव्हाही खटकली. निझारने हूं की चूं केलं नाही, आणि रीतीभातीवर तासभर बोलू शकणारा हाजही गप्प राहिला.

"शुक्रवारी शेख येतोय," हाज म्हणाला. "दोष त्यांचा, तरी एक ऑपरेशन मी करून देतोय. खैरात आहे ती. खैरात नाकारू नये."

"ऑपरेशनं दोन आहेत, हाज. एका ऑपरेशनाने ती अर्धी उभी राहील का?"

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात, ते मी कोर्टात रोज पाहते. पण ते खाऊन वर ढेकर देताना अल्लाचं नाव घेणारा हा पहिलाच. फाटकापर्यंत निझार मला सोडायला आला.

"धाकटा दिसला नाही," मी म्हटलं. "तल्हा. तो इथे ट्रकांभोवती घुटमळत असायचा ना?"

"तो करकला गेलाय. बापाशी भांडण झालं," निझार म्हणाला, आणि मी न विचारताच पुढे बोलला, "अपघाताशी त्याचा काही संबंध नाही."

४

गल्लीतल्या बेकरीत जब्र भाकऱ्या भट्टीत सारत होता. शुऐबचा धाकटा भाऊ, जाडजूड आणि पिठाने पांढरा. मी भाकऱ्या मागितल्या आणि विषय काढला.

"खांदा दिलास, ऐकलं. मन मोठं आहे तुझं."

"शेजारी होता, उस्ताजा. रोज सकाळी पहिली भाकरी तोच न्यायचा."

"भीती नाही वाटली? गालिबच्या चुलत्यांपैकी कुणाचं डोकं फिरलं असतं तर?"

"मी कशाला भिऊ?" तो म्हणाला. भट्टीकडे तोंड करून तो बराच वेळ एकाच भाकरीला हलवत राहिला. ती भाकरी करपली. जब्रच्या हातून भाकरी करपलेली गल्लीत कुणी पाहिली नसेल.

समोर दहामांच्या औषधाच्या दुकानाचं लोखंडी शटर खाली होतं. त्यावर धूळ बसली होती.

दुसऱ्या दिवशी आईला डोळे तपासायला मआनला न्यायचं होतं. गुरुवार. शुक्रवार तोंडावर आलेला आणि माझ्या हातात एका जखमी मुलीच्या शब्दापलीकडे काही नाही. शिवाय आईची टकळी चालू.

"नवरा शोध म्हटलं तर अशील शोधतेस. आणि अशील शोधलंस तेही कंगाल."

"आई, तो डाव्या हाताने कॉफी प्यायला. माझ्यासमोर."

"कोण, शुऐब?" आईने मान हलवली. "शक्य नाही. त्याच्या आईला मी ओळखत होते. डाव्या हाताने घास उचलला तर ती पोरांच्या हातावर उलथनं मारायची. उजवा हात तुटला असता तरच तो पोरगा डावा पुढे करेल."

पुढे पोलीस चौकी आली. हवालदाराने काचेवर टकटक केली आणि पट्ट्याची खूण केली. आमच्याकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो; मी माझा पट्टा डाव्या खांद्यावरून ओढून लावला. शेजारी आईही कुरकुरत तिचा शोधू लागली. तो तिला सापडेना.

"तुझा त्या बाजूला आहे, आई. उजव्या खांद्याशी."

एवढं बोलले आणि माझा हात जागच्या जागी थांबला. मी आईच्या खांद्याकडे पाहिलं, मग माझ्या. हवालदार पुढे जा म्हणत होता आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

"काय झालं ग?"

"आई, तुझे डोळे पुढच्या आठवड्यात तपासू," मी म्हटलं आणि गाडी वळवली.

५

शुक्रवारी मी कोर्टाचा काळा झगा घालून गेले. पुरुषांच्या बैठकीत बाई बोलत नाही. पण झगा घातला की मी बाई उरत नाही, वकील होते, असं आमच्या लोकांना वाटतं. मी त्याचा पुरेपूर फायदा घेते.

फव्वाझची बैठक भरून गेली होती. भिंतीला लागून गाद्या, मधोमध शेख मुतलक, पांढरी दाढी, हातात काठी. त्याच्या उजवीकडे हाज आणि त्याचे तीन मुलगे, मागे शुऐब, निझार आणि बेकरीवाला जब्र. शेखच्या समोर कॉफीचा कप वाफाळत होता. आतल्या दाराच्या पडद्यामागे उम्म रहाफ उभी होती, तिची सावली दिसत होती.

शेखने मागणं मागितलं. फव्वाझने ओठ ओले केले.

"फव्वाझ, एक क्षण थांब," मी म्हटलं. "शेख, तुमचा कप तसाच राहू द्या. त्याआधी शुऐबला एक कप कॉफी द्यावी, एवढी माझी विनंती."

कुजबुज झाली. पण कॉफी देऊ नका असं कोण म्हणणार? वाढणाऱ्याने कप पुढे केला. शुऐबने डावा हात काढला.

"उजवा," शेख म्हणाला.

शुऐब हलला नाही.

"कुणाच्या घरात बसलायस ठाऊक आहे ना? उजव्या हाताने घे."

शुऐबने प्रयत्न केला. फरव्याखालून उजवा हात कोपरापर्यंत वर आला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. फरवा सरकला. गळ्याजवळचं हाड फुगून वर आलं होतं.

"माज नव्हता तो," मी म्हटलं. "मी तसं समजले, माझी चूक. त्याचा खांदा मोडलाय. कशाने मोडला, हे त्यानेच मला सांगितलं. पट्टा लावला होता म्हणून वाचलो, म्हणाला. धडक जोराची असली की पट्टा ज्या खांद्यावरून जातो तिथलं हाड मोडतं. आता तुम्ही सगळे गाड्या चालवता. ड्रायव्हरचा पट्टा कुठल्या खांद्यावरून येतो?"

बसल्या जागी दहा-बारा जणांचे हात नकळत डाव्या खांद्याकडे गेले. हे बघून मला किती बरं वाटलं, ते सांगता यायचं नाही.

"डाव्या," कुणीतरी म्हणालं.

"आणि शुऐबचा मोडला उजवा. म्हणजे तो चाकामागे नव्हताच. तो उजव्या खिडकीशी बसला होता. ट्रक दुसऱ्याच कुणीतरी चालवत होतं."

"मोडलेल्या हाडावर काय निवाडे करता?" हाज म्हणाला. त्याची जपमाळ थांबली होती. "दारावर आपटला असेल. आणि असलाच दुसरा कुणी, तर हा निझार असेल. तोच तिथे होता."

निझारचं तोंड उघडंच राहिलं. वीस वर्षं चाकरी केलेल्या माणसाला हाजने एका वाक्यात खड्ड्यात ढकललं.

"निझार नंतर मोटारीतून आला," मी म्हटलं. "रहाफने त्याला उतरताना पाहिलं. त्याने तिला काढलं, आणि कबरीवर माती लोटायलाही तोच होता. शेख, रीत मी तुम्हाला काय सांगणार. मीच विचारते. एखाद्याच्या हातून रक्त सांडलं, तर समेट होईपर्यंत कोण तोंड दाखवत नाही?"

"तो स्वतः," शेख म्हणाला. "त्याचा बाप, भाऊ, चुलते. मयताच्या गल्लीत त्यांनी पाऊल टाकायचं नसतं. तेही त्यांच्याच जिवासाठी."

"मग बघा. ट्रक मीच चालवत होतो अशी शुऐबने पोलिसांत कबुली दिली, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा सख्खा भाऊ गालिबला खांदा देतो. तीन दिवस त्या घरात भाकऱ्या पोचवतो. आणि ज्यांच्या हातून काहीच झालं नाही म्हणतात, त्या दहामांचं दुकान बंद. हाजची बहीण घरात. एकही दहाम या गल्लीत फिरकला नाही."

"ट्रक आमचा होता," हाज म्हणाला. "लाज वाटली म्हणून."

"तुम्हाला लाज वाटली, मग जब्रला दुप्पट वाटायला हवी होती. चोराच्या मनात चांदणं, हाज. पोलिसांना काय सांगायचं ते तुम्ही शुऐबला पढवलंत. पण स्वतःच्या घरच्यांना गल्लीत जायला सांगायची तुमची हिंमत झाली नाही. कारण रक्त कुणाच्या मानेवर आहे हे त्यांना ठाऊक होतं."

शेख जब्रकडे वळला. तो हळू बोलला, पण सगळ्यांनी ऐकलं.

"तू खांदा कसा दिलास?"

जब्रच्या डोळ्यांतून पाणी आलं. "भावानं शपथ घातली होती, शेख. म्हणाला, पोरांना सांगू नकोस, पण तू मान वर करून जा. आपल्या हातून नाही झालं."

शेखने हाजच्या मुलांकडे बोट केलं आणि मोजल्यासारखं एकेकावरून फिरवलं.

"समेटाला बाप सगळे मुलगे घेऊन येतो. तिघे दिसतायत." तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं, आणि मला कळलं की आता मी बोलायची गरज नाही. "माझ्या मेहुण्याच्या घरी करकला एक पोरगा आश्रयाला आलाय. तंबूचा खांब धरून म्हणाला, मला पदरात घ्या. मेहुण्याने विचारलं, काय केलंस? तर म्हणे बापाशी भांडलो. मी तेव्हा हसलो होतो. बापाशी भांडलेलं पोर मामाकडे जातं, परक्याचा खांब धरत नाही. तो धरतो रक्त सांडलेला माणूस. तो तल्हा आहे, अदनान?"

उत्तर दिलं शुऐबने.

"पोराकडे अवजड गाडीचा परवाना नव्हता," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "शिकव म्हणून हाजनेच पाठवला. तो फोनमध्ये बघत होता. मी ओरडलो तोवर... पिकअप चालत होती, शेख. दिवे लागलेले होते. लाल दिवे मला अजून दिसतात. हाज म्हणाला, थोडे दिवस आत बस, तुझं घर मी चालवतो. परवाना नाही कळलं तर विमा कंपनी सगळं माझ्याकडून वसूल करेल, पोरगं तुरुंगात जाईल. मेलेल्याला काय फरक पडतो, म्हणाला."

पडदा बाजूला झाला. उम्म रहाफ पुरुषांच्या बैठकीत आली, आणि तिला कुणी अडवलं नाही.

"मला पडतो," ती म्हणाली. "तू माझ्या नवऱ्याला आंधळा आणि बेपर्वा ठरवलंस. माझी पोरगी दिवे होते, दिवे होते म्हणून घसा फोडत होती, आणि तिला वेडी ठरवलंस. आणि वर तिच्याच पायाची खैरात तिलाच देत होतास."

शेख मुतलकने समोरचा कप उचलला. क्षणभर मला वाटलं, आता पिणार. त्याने तो उठून दारापर्यंत नेला आणि कॉफी बाहेरच्या मातीत ओतली.

"माझ्या दाढीआड लपलास, अदनान," तो म्हणाला. "या घरची कॉफी मी आज प्यायलो नाही. माझ्या घरची तू यापुढे कधी पिणार नाहीस. मेहुण्याला निरोप धाडतो. पोरगं उद्या पोलिसांत हजर होईल. आणि ही बाई कोर्टात जाईल तेव्हा तिच्या मागे कोण उभं आहे, ते सगळ्यांना दिसेल."

फव्वाझ मान खाली घालून बसला होता. मग तो उठला आणि वहिनीसाठी जागा मोकळी केली.

६

खटला उभा राहिला. दवाखान्यातल्या एक्स-रेने शुऐबच्या खांद्याची साक्ष दिली, तल्हाने कबुली दिली, आणि एकुलत्या साक्षीदाराचं खोटं उघडं पडल्यावर पोलिसांच्या अहवालात उरलं काय? कोर्टाने तो बाजूला ठेवला. ऑपरेशनांच्या खर्चाचा हुकूम आधी झाला, बाकी भरपाईचा नंतर. विमा कंपनीला द्यावंच लागलं, आणि तिने तो हिशेब हाजच्या दारात नेऊन आपटला. त्याचे ट्रक विकले गेले तेव्हा लोक मला म्हणाले, जरा वाईट वाटू दे. मला नाही वाटलं. शुऐबला खोट्या साक्षीची शिक्षा झाली. त्याच्यासाठी मात्र थोडं वाटलं, आणि त्याचा मला अजून राग येतो.

निकालाचा कागद घेऊन मी उम्म रहाफच्या घरी गेले. समोरच्या औषधाच्या दुकानावर नवीन माणसाची पाटी लागली होती. गल्लीत जब्रच्या भाकरीचा वास होता. मी गादीवर बसले आणि पिशवीतून कागद काढू लागले.

"कागद राहू दे," उम्म रहाफ म्हणाली. "आधी कॉफी."

आतून ठक ठक असा कुबडीचा आवाज आला. दारात रहाफ आली. तिने कुबडी चौकटीला टेकवली आणि तिथेच सोडली. आईने उठून किटली तिच्या डाव्या हातात दिली. भिंतीला खांदा लावत, एकेक पाऊल टाकत ती माझ्यापर्यंत आली. पाय थरथरत होता. कपात ओतताना दोन थेंब गालिच्यावर सांडले, आणि तिने आईकडे बघून डोळे मोठे केले, काही बोलू नकोस म्हणून.

"घ्या, मावशी," ती म्हणाली.

मी उजवा हात पुढे केला. ती उभी होती.